डोळे उघडे ठेवून बोलायचं: कोल्हापुरातल्या ख्रिस्ती बायकांसाठी

घरगुती प्रार्थनेला सतरंजीवर बारा-पंधरा बायका बसलेल्या असतात. त्यातली कुठलीही एक पदर डोक्यावर सारखा करते, डोळे मिटते आणि पाच मिनिटं सलग बोलते. दवाखान्यात कोण आहे, दहावीला कोण बसलंय, कुणाच्या पोराची नोकरी गेली, सगळं ओळीनं येतं. कागद लागत नाही, अडखळणं नाही. त्याच बाईला पाळकसाहेब म्हणाले, "ताई, येत्या रविवारी पाच मिनिटं साक्ष द्या," म्हणजे देवानं आयुष्यात काय केलं ते चर्चमध्ये सगळ्यांपुढं सांगा, की लगेच उत्तर येतं, "नको हो, मला नाही जमत बोलायला."

मीही हेच म्हणायचे. सहकारी बँकेत तीस वर्षं कॅशच्या खिडकीत बसले. खिडकीच्या पलीकडं कितीही मोठा माणूस असू दे, नोटा मोजून घ्या म्हणून सुनावताना जीभ कधी अडली नाही. चर्चमध्ये चार ओळी बोलायच्या म्हटल्या की मात्र पोटात गोळा. आता बारा-तेरा वर्षं चर्चच्या मंडळीत, बचत गटात आणि वॉर्डाच्या बैठकीत बोलते, आणि नव्यानं उभ्या राहणाऱ्या बायकांना तयार करते. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आपल्याला बोलता येतं. डोळे उघडे ठेवून, समोरच्यांच्या तोंडाकडं बघत बोलता येत नाही, एवढंच अडतं. पुढं जे लिहिलंय ते तेवढं शिकण्यापुरतं.

आधी दुसऱ्याचे शब्द वाचा

पहिल्या खेपेला भाषण मागून घेऊ नका, शास्त्रपाठ मागा, म्हणजे उपासनेत बायबलमधला उतारा वाचायचं काम. शब्द तयार असतात, ते पाठ करायचे नसतात आणि चुकलं तर कुणी तुमच्या विचारांना नावं ठेवत नाही. तरी हे काम सोपं समजू नका. माझा पहिला शास्त्रपाठ पेंटेकॉस्टच्या रविवारी होता, प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय. घरी मनातल्या मनात वाचून गेले होते. 'पार्थी, मेदी, एलामी' इथपर्यंत गाडी कशीबशी आली आणि पुढच्या गावांच्या यादीत जी घसरली ती घसरलीच. मागच्या बाकावरची पोरं खुसखुसली. खाली बसल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, मोठ्यानं वाचून बघायचं की घरात." एका वाक्यात सगळं शिक्षण झालं.

घरात मोठ्यानं म्हणजे उभं राहून, तीनदा. पहिल्यांदा अवघड नावं सापडतात. दुसऱ्यांदा पेन्सिलीनं थांबायच्या जागी उभी रेघ मारा, कारण बायबलमधली वाक्यं लांब असतात आणि श्वास भलत्याच जागी संपतो. तिसऱ्यांदा नजरेचा सराव. सगळा वेळ वर बघायची गरज नाही. तीन जागा ठरवा, तिथं वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द डोळ्यात साठवा, बोट ओळीवर ठेवा, मान वर करा आणि ते शब्द माणसांकडं बघून म्हणा. परत खाली याल तेव्हा बोट जागा दाखवतंच.

आणखी एक. "शास्त्रपाठ, योहान, अध्याय चौथा" असं सांगितल्यावर थांबा. मंडळी पानं उलटत असतात, त्यांची सळसळ थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं. ही आठ-दहा सेकंदं नवख्या बाईला तासाभरासारखी वाटतात, पण शांत उभं राहायची सवय तिथंच लागते. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लाकडी मंचावर उभा राहून सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लोकांना अर्थ समजावा म्हणून स्पष्ट वाचलं असं तिथं मुद्दाम नोंदलंय. वाचणं हे बोलण्याच्या खालचं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी तो अध्याय बघावा.

पुलपिट, पाट आणि माईक

आपल्या जुन्या चर्चमधली पुलपिटं, म्हणजे उपदेशाला उभं राहायच्या जागा, उंच माणसांच्या मापाची. अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या मागून आलेले मिशनरी आणि मग आपले पाळक, सगळे पुरुषच तिथं उभे राहायचे. माझी उंची पाच फूट. पहिली साक्ष देऊन खाली आले तर एका भाचरानं सांगितलं, "आत्या, आवाज येत होता पण तू दिसत नव्हतीस." तेव्हा आदल्या दिवशी जाऊन पुलपिटामागं उभं राहून बघा. कमी पडत असाल तर घरातला जेवणाचा पाट न्या, नाहीतर पुलपिट सोडून शेजारी उभं राहा. त्यात कमीपणा काही नाही.

माईकचं तंत्र कुणी शिकवत नाही, म्हणून सविस्तर सांगते. स्टँडचा माईक हनुवटीच्या पातळीला आणि तोंडापासून चार बोटं लांब ठेवा. अगदी समोर तोंड आणलं तर 'प', 'फ', 'भ'ला भस्सकन वारा आदळतो, म्हणून किंचित तिरका धरायचा. हातातला माईक दांड्याला धरा, वरच्या जाळीला मुठीत धरला की शिटी वाजते. ती वाजली तर माईक स्पीकरच्या दिशेनं नेऊ नका. बोटानं टकटक, तोंडानं फू-फू, "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" हे सगळं टाळा. ते काम साउंडवाल्या पोराचं. त्याला पंधरा मिनिटं आधी गाठून दोन वाक्यं म्हणून दाखवा, त्याचा चहाही विचारा. तो तुमच्या बाजूनं असला तर अर्धं काम झालं.

कॉलर माईक लावणार असतील तर मंगळसूत्र आणि लांब माळ त्याला घासते आणि सगळ्या हॉलला खरखर ऐकू जाते. माईक पदराच्या पिनेजवळ, दागिन्यापासून लांब. त्याची डबी कमरेला अडकवावी लागते, हे घरातून साडी नेसतानाच ध्यानात ठेवा.

कागदाचं सांगायचं तर हात थरथरतो तेव्हा पातळ कागद दुप्पट थरथरतो आणि माईकपाशी वाजतोही. लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून त्याच्या पाठीवर लिहा. आपल्या घरात पत्रिकांना तोटा नाही. कार्डांना नंबर घाला. मोबाईलवरून वाचू नका. माझ्या बहिणीच्या साक्षेत ऐन वेळी गॅस एजन्सीचा फोन आला होता.

साक्ष: जन्मापासून सुरू करू नका

"माझा जन्म अमुक गावी एका ख्रिस्ती कुटुंबात झाला" या वाक्यानं सुरू झालेली साक्ष तीन मिनिटांत संपलेली मी पाहिलेली नाही. लग्नापर्यंत येईस्तोवर घड्याळाकडं बघणारे पाळकसाहेब खोकायला लागतात आणि जे सांगायचं होतं ते राहून जातं.

एक दिवस निवडा. एकच. ऑपरेशनच्या आदली रात्र, मुलीचा निकाल लागला ती दुपार, भावानं बोलणं टाकलं ती संध्याकाळ. त्या दिवशी तुम्ही कुठं होता, हातात काय होतं, कोण काय म्हणालं, हे सांगा. मग काय बदललं ते दोन वाक्यांत. योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई बघा. विहिरीवर येशू भेटल्यावर घागर तिथंच टाकून ती गावात जाते आणि एवढंच सांगते की या, मी केलेलं सगळं ज्यानं मला सांगितलं तो माणूस बघा. तोच ख्रिस्त असेल काय? एक अनुभव आणि एक प्रश्न. गाव उठून तिच्या मागं गेलं. उपदेश तिनं केला नाही, आपणही साक्षेत करू नये. साक्षेच्या शेवटी 'म्हणून बंधुभगिनींनो आपणही' असं आलं की समजावं, बाईला अजून स्वतःच्या गोष्टीवर भरवसा नाही.

वेळ मोजायची ती मोबाईलवर रेकॉर्ड करून. माझ्या हाताच्या अक्षरात पाऊण फुलस्केप म्हणजे तीन मिनिटं, तुमचं वेगळं असेल. ते रेकॉर्डिंग ऐकताना स्वतःचा आवाज परका वाटतो. तो सगळ्यांनाच वाटतो, त्याला भिऊ नका. त्यात फक्त दोन गोष्टी शोधा, वाक्याचा शेवट गिळला जातो का आणि 'म्हणजे', 'तर मग' किती वेळा येतं.

सात उद्गारांतला एक

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बऱ्याच मंडळ्यांत येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना वाटून देतात, प्रत्येकी सात ते दहा मिनिटं. वाटपात बाईच्या वाट्याला बहुधा तिसरा येतो, "बाई, पाहा, हा तुझा मुलगा." आईचा विषय म्हणून बाई. मला हे कधी पटलं नाही. एका वर्षी मी पाचवा मागून घेतला, "मला तहान लागली आहे." ते भाषण कसं बांधलं ते सांगते, म्हणजे भाषण नावाची वस्तू आतून कशी दिसते ते कळेल.

२०१९चा ऑगस्ट आपल्यापैकी कोण विसरेल? पंचगंगा शहरात शिरली, पाणी उपसणारी केंद्रंच पाण्याखाली गेली, आणि चहूकडं पाणी असताना प्यायला पाणी नाही अशी गत. दोन कळश्या घेऊन मी टँकरच्या रांगेत दीड तास उभी होते. पुढच्या बाईची कळशी भरली, तिनं ती लगेच डोक्यावर घेतली नाही. त्यातलं तांब्याभर पाणी रांगेबाहेर बसलेल्या म्हाताऱ्याला दिलं आणि मग गेली. नाव विचारायचं राहिलं.

पाचव्या उद्गारावर विचार करताना हे डोळ्यांपुढून हलेना. तेव्हा ठरवलं, भाषणाचं पहिलं वाक्य हेच: "दारात पंचगंगा आणि घरात प्यायला पाणी नाही, हे आपण पाहिलंय." 'आदरणीय व्यासपीठ' नाही, 'मला संधी दिल्याबद्दल' नाही. पहिलं वाक्य पडलं तशा माना वर आल्या.

पुढची बांधणी मी कीर्तनाकडून घेतली. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा अहमदनगरकडं एकोणिसाव्या शतकातच रुजली, आणि आपले आजी-आजोबा ती ऐकतच मोठे झाले. कीर्तनात पूर्वरंगात विषय उलगडतात, मध्ये भजन होतं आणि उत्तररंगात आख्यान लागतं. सात मिनिटांतही ते बसतं. माझ्या पूर्वरंगात वचन होतं आणि एक प्रश्न: ज्या येशूनं शोमरोनी बाईला जिवंत पाणी देईन म्हटलं तोच तहानलेला कसा? मग ध्यानात आणून दिलं की विहिरीवरसुद्धा बोलणं सुरू झालं ते त्यानंच तिच्याकडं प्यायला पाणी मागितलं तिथून. मागायला तो तिथंही लाजला नाही आणि इथंही नाही. मध्ये भजनाऐवजी अर्धा मिनिट शांतता ठेवली, सरळ गप्प उभी राहिले. उत्तररंगात टँकरची रांग, तांब्या आणि तो म्हातारा. शेवटचं वाक्य होतं, "त्या बाईनं तांब्या पुढं केला, तेव्हा मी माझ्या कळशीकडं बघत होते." आणि बसले.

यातलं हातात घेण्यासारखं सांगायचं तर पहिलं आणि शेवटचं वाक्य शब्दन्शब्द पाठ असावं. मधलं पाठ करू नका, मधल्याचे चार-पाच शब्द कार्डावर असले की पुरे. पाठ केलेलं भाषण एका ठिकाणी तुटलं की पुढचं सगळंच जातं, शब्दांवर टांगलेलं भाषण पुढच्या खुंटीवर उचलता येतं. आणि भाषणात एक गोष्ट तरी अशी हवी जी फक्त तुम्हीच पाहिलेली आहे. छापील पुस्तकातली संदेशाची गोष्ट सगळ्यांनी आधीच ऐकलेली असते.

आपली भाषा

कोल्हापूरच्या बाया "मी आलो, मी जेवलो" म्हणतात. पुण्याकडची पाहुणी हसते आणि माईकपुढं गेल्यावर आपली बाई मुद्दाम 'आले, जेवले' करायला जाते. मग निम्मं लक्ष क्रियापदावर आणि निम्मं विषयावर. मी लिहिताना 'आले' लिहिते, घरात 'आलो' म्हणते, बोलायला उभं राहिल्यावर जे तोंडात येईल ते येऊ देते. 'पानी' झालं तर झालं. घाईत शब्द खाल्लात तर मात्र मागच्या बाकावर काहीच पोचत नाही, तेव्हा वेग कमी करा.

अवघड भाषा वेगळीच आहे. 'आशीर्वादित', 'अभिषेकात', 'प्रभूनं माझ्या हृदयावर ओझं ठेवलं' हे आपल्या कानाला सरावाचं आहे, पण मंडळीत आलेल्या पाहुण्याला, शेजारणीला, आपल्याच सुनेच्या माहेरच्यांना ते परकं वाटतं. असा शब्द आला की स्वतःला विचारा, हीच गोष्ट भाजी आणायला गेल्यावर कशी सांगितली असती? तशी सांगा.

चर्चबाहेर हे दुप्पट लागू. बचत गटात कर्जाच्या हप्त्यावर बोलायला उभं केलंय तर हप्त्यावरच बोला. तिथं वचन घुसडलं तर तुमचा मुद्दाही जातो आणि पुढच्या वेळी बोलावणंही. वॉर्डात गटारीचा प्रश्न मांडताना जो खरेपणा दिसेल तो दिसेल, त्याला लेबल लावायची गरज नाही. कुणी खोचकपणे "तुमच्या चर्चमध्ये काय करता हो?" विचारलं तर हसून, बैठक झाल्यावर चहाला बसू म्हणावं. माईकवर उत्तर देऊ नये.

ते वचन कुणीतरी काढणारच

पहिलं करिंथ, चौदावा अध्याय, स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावं. हे ऐकवणारे एखादे काका प्रत्येक मंडळीत असतात. त्यांना पुलपिटावरून उत्तर देऊ नका. पण स्वतःसाठी तयारी हवी. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या बाईबद्दल पौल लिहितो, म्हणजे त्या बोलत होत्या हे त्यानं धरलेलंच आहे. पुनरुत्थानाच्या सकाळी "मी प्रभूला पाहिले आहे" ही बातमी शिष्यांना मग्दालीया मरीयेनं दिली. मंडळ्यामंडळ्यांची रीत वेगळी असते, म्हणून बोलणं ठरलं की पाळकसाहेबांना आणि वडीलमंडळींना आधी भेटा, विषय आणि वेळ सांगा. परवानगी स्पष्ट असली की काकांशी पाळकसाहेबच बोलतात.

मन खचलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८९ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेत त्या बोलायला उभ्या राहिल्या, आवाज मागं पोचेना, तेव्हा बाईला आवाज मोठा करायची संधी तुम्ही दिलीच कुठं, अशा अर्थाचं त्या म्हणाल्याची आठवण सांगतात. खरं तर लहानपणी आईवडिलांबरोबर देशभर पायी फिरत, देवळात आणि घाटावर पुराणं सांगत त्यांचा आवाज घडला होता. तरीही सभा मोठी झाली की आवाज कमी पडतो, त्यांनासुद्धा पडला.

त्या दिवशी

सकाळी पोटभर खाऊ नका, उपाशीही जाऊ नका. कोमट पाणी जवळ ठेवा. छाती धडधडणार, हात गार पडणार, ते मलाही अजून होतं. उभं राहायच्या आधी श्वास पोटापर्यंत घ्या आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा, तीन वेळा. पुढं गेल्यावर लगेच बोलू नका. डावीकडं, मधे आणि उजवीकडं एकेक ओळखीचा चेहरा आधीच बसवून ठेवलेला असावा, तिघींना सांगून. नजर त्या तिघींत फिरली की सगळ्या मंडळीला वाटतं आपल्याकडंच बघतेय.

मधेच सगळं विसरलात तर? होतं. वचन परत वाचा, सावकाश. ऐकणाऱ्याला ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं आणि तुम्हाला पुढचा शब्द सापडायला वेळ मिळतो. मोशेनंही मला बोलता येत नाही म्हणून अंग काढून घ्यायला बघितलं होतं, तेव्हा त्याच्या वतीनं बोलायला त्याचा भाऊ अहरोन जोडून मिळाला. तुमचाही अहरोन पहिल्या बाकावर बसवा, कार्डांची दुसरी प्रत तिच्या हातात देऊन ठेवा.

झाल्यावर दारात सगळ्या "छान झालं" म्हणतील. त्यावर जाऊ नका. एका स्पष्टवक्त्या बाईला आधीच सांगून ठेवा, संध्याकाळी फोन करून विचारा: कुठं कंटाळा आला? एवढाच प्रश्न. माझ्यासाठी हे काम त्याच शेजारच्या काकू करायच्या. पाचव्या उद्गारानंतर त्या म्हणाल्या, "मधी गप्प उभी राहिलीस ते बरं झालं, पण मला वाटलं तू विसरलीस."

सुरुवात कधी करायची विचाराल तर जागतिक प्रार्थना दिनापासून. मार्चचा पहिला शुक्रवार. दरवर्षी वेगळ्या देशातल्या ख्रिस्ती बायका त्याची उपासना लिहितात आणि ठिकठिकाणी बायकाच ती चालवतात, त्यामुळं त्या दिवशी जागा मागायला कुणाची भीड नाही. आमच्याकडं वाटणी जानेवारीतच होते. महिला मंडळाच्या बैठकीत यादी फिरते तेव्हा शास्त्रपाठापुढची जागा रिकामी असते, आणि पेन सगळ्याजणी एकमेकींकडं सरकवत असतात. ते आपल्यापाशी येईल तेव्हा नाव लिहून टाका आणि पाट कुठं ठेवलाय ते विचारून ठेवा.